एकोणतीस वर्षांचा आजोबा

ग्युहान मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या तोंडात पीच होतं. अर्धं तोंडात, अर्धं हातात, आणि रस कोपरापर्यंत ओघळलेला. शूटिंग संपून सगळे जेवायला गेले होते. मी सेटवरच्या खोट्या भिंतीआड उकिडवी बसून खऱ्या पीचवर ताव मारत होते.

"हे पितरांच्या पानावरचं का?" मागून आवाज आला.

मी वळले. उंच, उन्हानं रापलेला एक तरुण. एका हातात कोट, दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी, अंगाला आयोडीनचा वास. आणि डोळे असे, की मालिकेच्या पहिल्या भागात आम्ही नायकाचं वर्णन लिहितो आणि मग तसा माणूस परवडत नाही म्हणून कुणालातरी उभं करतो.

"होतं," मी म्हटलं. आता लपवून काय करणार?

"अठ्ठ्याण्णवाव्या भागातलं?"

"हो."

"तो पुरावा होता."

"फार गोड होता हो पुरावा."

त्यानं हसू दाबलं आणि गुंडाळी उलगडली. सोल्गोक गावच्या योम घराण्यातल्या एकेचाळीस वडीलधाऱ्यांची सही-शिक्क्यानिशी तक्रार! आमच्या मालिकेत नायिकेनं मेलेल्या बापासाठी पान मांडलं होतं, आणि त्यावर चक्क पीच ठेवलं होतं.

"पीचला आत्मे घाबरतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल," तो म्हणाला. "तुमच्या नायिकेचा बाप दारातूनच परत गेला असणार. मग ती पंधरा मिनिटं रडली कुणापुढे?"

आता हा प्रसंग लिहिला होता मीच. माहीत असूनही घातलेलं पीच, कारण मला वाटलं होतं... लेकीला नियम आठवणार नाही, बापाची आवड आठवेल.

"त्याला आवडायचं म्हणून ठेवलं तिनं."

"जिवंतपणी आवडायचं."

"मेल्यावर आवड बदलते का?"

"आवड नाही बदलत. जरा अडचण होते, एवढंच."

हे त्यानं इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मला हसू फुटलं आणि पीच घशात अडकलं. त्यानं पुढे होऊन माझ्या पाठीत असा दणका हाणला की पीच तर सुटलंच, मीही भिंतीवर आपटले.

"माफ करा... हाताला गायींची सवय आहे. मी गुरांचा डॉक्टर." मग कान लाल करून म्हणाला, "योम ग्युहान."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. "मी योम सोदाम. आम्हीसुद्धा... सोल्गोकचेच."

"आजोबांचं नाव?"

"योम ग्युतेक."

आमच्या घराण्यात एका पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर सारखं असतं, त्यावरून कोण कुणाचा कोण ते झटकन कळतं. ग्युतेक आणि ग्युहान. म्हणजे गेल्या हिवाळ्यात ब्याऐंशीव्या वर्षी वारलेले माझे आजोबा आणि हा समोरचा देखणा मुलगा एका पिढीचे!

"म्हणजे मी तुझा आजोबा लागतो," तो म्हणाला. "बरं झालं. आता अगं-तुगं करायला हरकत नाही."

"वय काय म्हणायचं, आजोबा?"

"एकोणतीस. वडिलांची पन्नाशी उलटल्यावर झालेलं शेंडेफळ आहे मी."

"तब्येत चांगली राखलीय हो या वयात!" मी म्हटलं, आणि मान खाली घालून हात पुसायला लागले. सत्तावीस वर्षांत एक माणूस पहिल्या भेटीत आवडला, तर तो आजोबा निघाला. कपाळ माझं!

आमच्या मुख्य लेखिका मो बाई. रोज सकाळी बायका भांडी घासता घासता ज्या मालिकेला रडतात ती मालिका यांची, आणि मी यांची मदतनीस. शूटिंगच्या दिवशी सकाळी पानं लिहायची आणि शाई वाळायच्या आत नटांच्या हातात द्यायची, असा आमचा कारभार. हॉस्पिटलात अदलाबदल झालेली तीन बाळं आणि दोनदा मरून परत आलेला एक नवरा एवढं सगळं बाईंनी अठ्ठ्याण्णव भागांत बसवलं होतं.

बाईंनी तक्रार वाचली आणि टाळीच वाजवली. "एकेचाळीस म्हाताऱ्यांनी सही केली! म्हणजे एकेचाळीस घरांत आपली मालिका बघतात! या पोराला ठेवून घ्या गं. पितरांचं पान असेल त्या मंगळवारी येऊन मांडून देत जा रे बाबा."

आता पितरांचं पान केव्हा असणार? कुणीतरी मेलेलं असेल तेव्हा. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या दोन महिन्यांत मी मालिकेतली पाच माणसं मारली.

पहिले गेले नायिकेचे मामा, हृदयविकारानं. मग कारखान्याचे मालक. मग मालकांच्या दुःखानं त्यांची आई. त्या त्या मंगळवारी ग्युहान तीन तास बसमधून येई, बाह्या सरसावून पान मांडी. मासा कुठल्या तोंडानं, लाल फळं कुठल्या बाजूला... आणि मी वही घेऊन शेजारी उभी.

"लिहून घेतेयस का नुसती बघतेयस?" तो मान वर न करता विचारी.

"बघतेय. मासा छान आहे."

"मासा माझ्या डावीकडे आहे."

"ठाऊक आहे मला!"

नटांनी माझा धसकाच घेतला. थोरल्या काकांचं काम करणारे गृहस्थ लाल जिनसेंगच्या शक्तिवर्धक मुळ्यांची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "सोदामबाई, मला आणखी एक महिना तरी जगू द्या. मुलीचं लग्न आहे."

शेवटी मो बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, तू प्रेमात पडलीस की माझं गाव ओसाड व्हायला लागलं! नायिकेला तरी शिल्लक ठेवशील ना?"

त्याच मंगळवारी पावसाची भुरभुर होती. बसथांब्यावर आम्ही दोघं एका छत्रीत, आणि छत्री सगळी माझ्याच बाजूला कललेली. त्याचा डावा खांदा चिंब झाला होता.

"सोदाम," तो म्हणाला, "एक सांगू?"

"सांगा ना, आजोबा."

"आता कुणाला मारू नकोस." तो समोरच्या डबक्याकडे बघत होता. "मी... असाही येईन."

अशा वेळी पोटात काय होतं ते मी पगार घेऊन दीडशे वेळा लिहिलंय. पण खरं सांगते, तसं काहीच होत नाही. नुसतं रडू येतं, आणि आपली बस निघून गेली तरी कळत नाही.

खरी अडचण होती ती बाबांची.

कायद्याची आता काही हरकत नाही. इतकं लांबचं नातं, खुशाल लग्न करा म्हणतो कायदा. पण बाबांचा कायदा वेगळा. त्यांची देजन शहरात कपडे धुण्या-इस्त्रीची लाँड्री. आई मी शाळेत असतानाच गेली, मला वाढवलं बाबांनी आणि आजोबांनी. आजोबा गेल्यापासून बाबा एकटेच. आजोबांचे बूट अजून दारात, रोज पॉलिश केलेले. काउंटरच्या मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं 'सोल्गोकचे योम'.

ग्युहानला मी घरी नेलं तेव्हा बाबांनी नाव ऐकलं, इस्त्री बंद केली, आणि सत्तावन्न वर्षांचे माझे बाबा त्या एकोणतीस वर्षांच्या पोरापुढे जमिनीवर डोकं टेकून म्हणाले, "या काका!"

"अहो उठा, उठा ना!" ग्युहान घाबरून खाली बसला आणि त्यानंही डोकं टेकलं. मग बाबांनी त्याहून खाली टेकलं. कोण आधी उठणार हे ठरेना. शेवटी मीच दोघांना दंडाला धरून उठवलं.

तो कशासाठी आलाय हे कळलं मात्र, बाबांचा चेहराच उतरला.

"काका, तुम्ही थोर. पण माझी मुलगी तिच्या आजोबाला कशी देऊ?"

"बाबा, एकवीस पिढ्यांआधीचं नातं आहे ते!"

"सोदाम, हे दुकान मी उभं केलं. घर मी बांधलं. माझ्या बापानं मला एकच गोष्ट दिली, हे नाव. ते माझ्या हातून बाटलं तर वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू?"

आणि त्यांनी इस्त्री पुन्हा सुरू केली. बाबा इस्त्री करताना बोलत नाहीत.

मला वाटलं होतं, ग्युहानचे वडील तर काठीच घेऊन उठतील. सोल्गोकच्या योमांचे प्रमुख ते. एका पीचसाठी मुलाला तीन तास पिटाळणारा माणूस! पण दुसऱ्या दिवशी ग्युहानचा फोन आला, आवाज पार बावचळलेला.

"वडील हो म्हणाले."

"काय?"

"म्हणाले, 'करा लग्न.' आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. सोदाम, मी त्यांना डॉक्टरकडे नेऊ का?"

आठवड्याभरानं तर त्याहून नवल. आमच्या ऑफिसात त्यांचाच फोन, तोही मो बाईंना.

"तुमच्या मालिकेत एखाद्याला त्याच्या बापाचं गुपित सांगायचं असलं, तर कसं सांगता?"

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "त्याला ट्रकखाली घालायचं. शुद्धीवर आला की सांगायचं."

"ट्रक नको हो. भला माणूस आहे."

"मग दाराआडून ऐकवायचं. पण त्याला एक महिना लागतो."

"माझ्याकडे महिना असेल-नसेल," म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला. आम्हाला वाटलं, थोरल्या काकांच्या कथेत बुवा गुंतलाय. बाई तर हरखूनच गेल्या.

चुसोक आला. नव्या पिकाचा सण, आणि आजोबांशिवायचा पहिला. पितरांचं पान सगळं नियमानं व्हावं म्हणून बाबांनी सोल्गोकला ग्युहानच्या वडिलांना पत्र पाठवलं होतं, 'आबा, आपण येऊन एकदा नजर टाकावी.' मला यातलं खरं कारण ठाऊक होतं. एवढा मोठा माणूस समोर बसला की माझ्या लग्नाचा विषय कायमचा मिटवायचा, असा बाबांचा बेत.

आबा आपल्या घरचं पहाटेच उरकून निघाले, आणि सणाच्या गर्दीत सहा तास अडकून दुपारी पोचले. गाडी चालवत ग्युहान. दोघांनी वाटेत एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, कारण आबांनी रस्ता चुकवला होता.

बाबांनी आबांना वरच्या जागी बसवलं. मी भात, तांदळाच्या पिठाचे करंजीसारखे सोंगप्योन, फळं आणून मांडत होते. ग्युहान माझ्यामागून मासा सरळ करत होता. "तुझ्या डावीकडे," मी कुजबुजले. तो हसला नाही. आज काय ते ठरणार होतं.

सगळं झाल्यावर बाबांनी आणखी तीन वाट्या आणल्या. दोन मोठ्या, एक लहान. भात भरला आणि टेबलाच्या अगदी कडेला, उत्तरेच्या बाजूला ठेवल्या.

"आबा, हे एक विचारायचं होतं. माझे वडील दर चुसोकला या तीन वाट्या ठेवायचे. कुणासाठी विचारलं तर म्हणायचे, वाटसरूंसाठी. आता हे मी चालवू का? नियमात बसतं का? नसेल बसत तर काढतो."

आबा त्या लहान वाटीकडे बघत होते.

"नियमात नसणारच," बाबा म्हणाले आणि लहान वाटी उचलायला हात पुढे केला.

"ठेव!" आबा एवढ्यानं ओरडले की सोंगप्योनची रास ढासळली. "हात लावू नकोस त्याला!"

"पण आबा, नियम..."

"खड्ड्यात गेला नियम!" असं म्हणून तो पीचवरून घर डोक्यावर घेणारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "ठेवत होता... दर वर्षी ठेवत होता बिचारा. आणि मला वाटायचं, मी एकटाच आठवतोय."

मग त्यांनी सांगितलं. धड नाही सांगितलं, अडखळत, नाक पुसत.

युद्धाच्या हिवाळ्यात सोल्गोकला एका विधवेचा मुलगा तापानं गेला. नऊ वर्षांचा. योम ग्युतेक. आबांचा पुतण्या लागायचा, पण वयानं बरोबरीचा, जिवाचा दोस्त. त्याच आठवड्यात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांच्या गर्दीत आईबापांपासून चुकलेलं एक पोर त्या बाईंच्या गोठ्यात सापडलं, गारठून निळं पडलेलं. बाईंनी आपल्या मुलाचं जाकीट त्याच्या अंगात घातलं आणि गावाला म्हणाल्या, हा ग्युतेक. ताप उतरलाय त्याचा.

"गाव काय म्हणालं?" ग्युहाननं हळूच विचारलं.

"काय म्हणणार? बैठक बसली. सगळे म्हणाले, हो, उतरलाय ताप. आणि त्या वहिनींनी माझा हात धरून माझ्याकडून वचन घेतलं." आबांनी डोळे पुसले. "मला माझ्या दोस्तासाठी रडतासुद्धा आलं नाही रे. तो जिवंत होता ना! रोज माझ्याबरोबर शाळेत येत होता!"

दोन मोठ्या वाट्या आजोबांच्या खऱ्या आईबापांच्या होत्या. लहान वाटी, ज्याचं नाव घेऊन ते त्र्याहत्तर वर्षं जगले त्या मुलाची.

बाबा बसल्या जागी एवढेसे दिसत होते.

"मग आबा... मी कोण?"

"योम!" आबा कडाडले. "कुणाच्या बापाची छाती नाही तुला नाही म्हणायची. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले, मी शेवटचा. तू म्हण, मी हे परत गिळतो आणि बरोबर घेऊन जातो. तुझं नाव तुझंच राहील."

म्हणजे सगळं बाबांच्या हातात होतं. नाव ठेवलं तर आम्ही दोघं आजोबा आणि नात. नाव सोडलं तर आयुष्यभर भिंतीवर लावून जगलेला माझा बाप कुणाचाच कोणी नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला नाही बघवलं.

"बाबा, नको," मी म्हटलं. "लग्न नको. तुमचं नाव राहू दे. खरंच सांगते, मी..."

"मीसुद्धा तेच म्हणणार होतो," ग्युहान म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "सोदामला दुखवून..."

"तुम्ही दोघं गप्प बसा बघू," बाबा म्हणाले. "तुमची मालिका माझ्या घरात नको."

बाबांनी नाक पुसलं, शर्ट सारखा केला.

"आबा, नावं काय होती त्यांची?"

"आडनाव मा. बापाचं नाव मा सोक्चुन. आईचं त्याला सांगता आलं नाही. नऊ वर्षांचं पोर, आईला आईच म्हणत होतं."

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी त्या तिन्ही वाट्या कडेवरून उचलल्या, टेबलाच्या मधोमध आणून ठेवल्या, पितरांनी जेवावं म्हणून भातात चमचे उभे केले आणि जमिनीवर डोकं टेकून दोनदा नमस्कार केला. उठून बसले ते हात मांडीवर ठेवून, गिऱ्हाइकाशी बोलावं तसे सरळ बोलायला लागले.

"आजोबा, आजी. तुम्ही फार शोधलं असेल. तो जगला बरं का. चांगला जगला. गेला तोसुद्धा झोपेत, पोटभर जेवून. मी त्याचा मुलगा, मी कपडे धुतो. ही माझी मुलगी, लोकांना रडवायचा पगार घेते. आणि हा..." त्यांनी ग्युहानकडे बघितलं, "हा सोल्गोकच्या योमांचा मुलगा. त्या थंडीत तुमच्या पोराला ज्यांनी घरात घेतलं, त्यांच्या घरी मी माझी मुलगी देतोय."

आबांनी तोंडावर रुमाल धरला. ग्युहान तर असा हुंदके देत होता की शेजारची बाई डोकावून गेली.

"देतोय ना?" बाबांनी मागे न वळता विचारलं. "मी आपला परस्पर सांगून बसलोय. तुझं तू सांग त्यांना."

दर आठवड्याला चार पानांची प्रेमाची कबुली लिहिते मी, त्यात चंद्र असतो, वारा असतो. त्या दुपारी त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ! मी त्या वाफाळत्या भाताकडे बघून म्हटलं, "हो. आवडतो मला. फार आवडतो."